कट्यार पडद्यावर आली तेव्हा: संगीत नाटकावरचा चित्रपट पारखायचा कसा

संगीत नाटकावर चित्रपट आला की मराठी घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "वसंतरावांची सर नाही." दुसरा म्हणतो, "अहो, निदान नव्या पोरांच्या कानावर तरी पडलं!" दोघांचंही खरं असतं, पण चित्रपट कसा झालाय हे दोघांच्याही बोलण्यातून कळत नाही. पहिला आपल्या आठवणीबद्दल बोलतोय, दुसरा गर्दीबद्दल. चित्रपटाबद्दल बोलायचं तर थोडी तयारी करावी लागते, कान लावून बसावं लागतं. ती तयारी कशी करायची ते 'कट्यार काळजात घुसली'च्या आधाराने सांगतो. नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आलं: लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ची आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून पंडित वसंतराव देशपांडे. चित्रपट नोव्हेंबर २०१५ चा, दिग्दर्शक सुबोध भावे. दोन्हींची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात, त्यामुळे इथलं सगळं तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल.

आधी आपलं 'मूळ' कोणतं ते ठरवा

'कट्यार' आवडतं म्हणणाऱ्या बहुतेकांनी वसंतरावांचा प्रयोग पाहिलेला नसतो. कुणी रेकॉर्ड ऐकलेली असते, कुणी आकाशवाणीवर पदं, कुणी २०१० साली पुन्हा उभा राहिलेला प्रयोग पाहिलेला असतो, ज्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे गाणं शिकू पाहणारा तरुण सदाशिव. ही तीन वेगवेगळी 'मुळं' आहेत. रेकॉर्डवर पद तीन-चार मिनिटांत आटोपतं. रंगमंचावर तेच पद त्या दिवशीच्या गळ्याप्रमाणे आणि समोरच्या प्रेक्षकाप्रमाणे वाढायचं, आणि 'वन्स मोअर' आला तर पुन्हा नव्याने फुलायचं. म्हणजे रेकॉर्ड ऐकून मोठा झालेला माणूस "चित्रपटात पद कापलं" म्हणतो, तेव्हा तो आधीच कापलेल्या पदाशी तुलना करत असतो.

वहीच्या पहिल्या पानावर प्रामाणिकपणे लिहून ठेवा: मी काय पाहिलंय, काय फक्त ऐकलंय आणि काय फक्त ऐकून माहीत आहे. पुढे वाद झाला तर हे पान उपयोगी पडतं.

आणखी एक ध्यानात असू द्या. अभिषेकीबुवा स्वतःच नाट्यसंगीतात बदल घडवणारे. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून त्यांनी पदांचा पसारा आवरला, चालींना नवं वळण दिलं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'वर, १८८० पासून चालत आलेल्या परंपरेवर वाढलेल्या त्या काळच्या जुन्या रसिकाला हे नवं संगीत परकं वाटलं असेल, तर नवल नाही. आज आपण ज्याला जुनं सोनं म्हणतो ते एके काळी नवं होतं. तेव्हा 'बदल केला' ही तक्रार पुरेशी नाही. बदलाने काय साधलं हेच विचारावं लागतं.

पात्राला ठाऊक आहे का, की आपण गातोय?

चित्रपट पाहण्याआधी मूळ नाटकाला हा प्रश्न विचारा. अर्धी पारख इथेच होते.

किर्लोस्करांच्याच 'सौभद्र' नाटकात सुभद्रा गाते तेव्हा ती बोलतच असते. तिच्या जगात ते गाणं नसतं, तिचं मन असतं. 'कट्यार'मध्ये उलट आहे. पंडित भानुशंकर गवई, खाँसाहेब गवई, सदाशिव शिकू पाहणारा. ते गातात कारण गाणं हाच त्यांचा व्यवसाय, गाण्यासाठीच भांडण आणि गाण्यावरच राजगायकाची कट्यार मिळणार. चित्रपटाचा प्रेक्षक वास्तवाला सरावलेला असतो. दरबारात बसलेला गवई गायला लागला तर त्याला खटकत नाही, वाटेत चालता चालता नायिका गायला लागली तर ते त्याच्या गळी उतरवावं लागतं. १९७२ च्या 'कॅबरे'त दिग्दर्शक बॉब फॉसीने याच कारणासाठी रंगमंचावरची कितीतरी गाणी गाळली आणि बहुतेक सगळी गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली. म्हणून 'कट्यार'चा चित्रपट करणं 'सौभद्रा'च्या किंवा 'मानापमाना'च्या मानाने सोपं होतं. दिग्दर्शकाला श्रेय देताना हे वजा करायला हवं, आणि 'मानापमान' करणाऱ्याला दोष देताना हेच जमेत धरायला हवं.

पदांची वही

हे सगळ्यात महत्त्वाचं काम. वेळ लागतो, पण कंटाळा करू नका.

नाटकातलं एकेक पद घ्या आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोण गातो, कुणासाठी गातो, आणि पद संपल्यावर काय बदललेलं असतं. तिसरा रकाना खरा. उदाहरणार्थ 'या भवनातील गीत पुराणे'. खाँसाहेब राजगायक होऊन पंडितजींच्या हवेलीत पाऊल टाकतात आणि तिथले जुने, मवाळ, हळवे सूर निघून जाऊ द्या म्हणतात. पद संपतं तेव्हा घराचा मालक बदललेला असतो, आणि त्याबरोबर त्या घरातली गायकीही. हे ताबा घेण्याचं पद आहे. 'तेजोनिधी लोहगोल' नुसतं ऐकलं तर सूर्याचं वर्णन, ललत पंचम रागातलं. पण खाँसाहेबांचं नाव आफताब, म्हणजे सूर्यच, आहे हे आठवलं की त्या सूर्याला वेगळीच धग येते. 'दिन गेले भजनाविण सारे' या पदात सगळं गमावलेल्या माणसाचा हिशोब आहे, तिथे तानेची घाई चालतच नाही.

मग चित्रपट पाहताना चौथा रकाना भरा: हे काम चित्रपटात झालं का, आणि कशाने? पद तसंच ठेवलं म्हणून काम झालं असं होत नाही. पद गाळूनही ते काम एखाद्या दृश्याने, नुसत्या नजरेने होऊ शकतं. आणि सूरन् सूर तोच ठेवूनही, पद भलत्या जागी आल्यामुळे काम हुकू शकतं. "किती पदं ठेवली" हे मोजणारी समीक्षा मला म्हणूनच वरवरची वाटते. जुनी नाटकं रात्रभर चालायची, चित्रपटाला अडीच-पावणेतीन तासांत सगळं बसवायचं असतं. संख्या कमी होणारच.

पहिल्यांदा पाहताना वही उघडू नका. आधी साधा प्रेक्षक होऊन पाहा, रडू आलं तर रडा. दुसऱ्यांदा पाहताना वही घ्या.

एक पद जवळून: 'घेई छंद मकरंद'

सगळं नाटक एका पदात पाहायचं असेल तर ते हे. दारव्हेकरांचे शब्द एकच, अभिषेकींच्या चाली दोन. पंडितजींच्या घराण्याची चाल सालगवराळी रागात, संथ, शब्दाशी थांबणारी. खाँसाहेबांची धानी रागात, चपळ, तानांनी भरलेली. मकरंदाचा छंद घेणारा भुंगा दोन्हीकडे तोच. पण पहिल्या चालीत तो फुलावर बसलेला आहे आणि दुसऱ्या चालीत त्याचे पंख दिसतात. नाटकातला सगळा वाद यात आहे: शब्दाचा भाव मोठा की गळ्याची करामत मोठी, आणि दोन्ही एका गळ्यात येऊ शकतील का? सदाशिवला नेमकं तेच हवं असतं, म्हणून तो वैऱ्याच्या हवेलीत चोरून ऐकतो.

आता करून पाहा. मूळ ध्वनिमुद्रणातल्या दोन्ही चाली लागोपाठ ऐका, डोळे मिटून. 'मकरंद' या शब्दावर गायक किती रेंगाळतो, सम (तालाची पहिली मात्रा) कशी येते, गुपचूप की धडक देऊन, तान शब्दाला पोटात घेते की शब्द तानेला थोपवून धरतो, हे पाहा. मग चित्रपटातलं 'घेई छंद' लावा, राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन यांच्या आवाजांतलं. प्रश्न एकच: शब्दांकडे लक्ष न देता, आवाज ओळखीचा नाही असं समजून, नुसत्या गाण्याच्या चालीढाळीवरून घराणी वेगळी कळतात का?

माझ्या कानांना कळतात, पण अंतर कमी झालेलं वाटतं. दोन्ही आवाज समर्थ आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण चित्रपटाला दोन्ही बाजूंना दिमाख हवा असतो. मागचा वाद्यमेळही दोघांना सारखाच भरजरी. पंडितजींच्या संथपणात जो मोकळा अवकाश हवा, नुसता तंबोरा आणि एक सूर, तो फार वेळ टिकत नाही. तिथे प्रेक्षकाचा धीर सुटेल ही भीती वाटली असावी. मला ती भीती अनाठायी वाटते. ज्या प्रेक्षकाने हा चित्रपट डोक्यावर घेतला त्याने आणखी दोन आवर्तनं नक्की ऐकली असती.

गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

रंगमंचावर वसंतराव ज्या गळ्याने बोलत त्याच गळ्याने गात. खाँसाहेबांचा अहंकार बोलण्यात जसा, तसाच गाण्यात. दोन्हींमध्ये सांधा नव्हता. चित्रपटात तीन प्रमुख गायक-पात्रं आहेत, एकाचा गळा स्वतःचा आणि दोघांचा उसना, म्हणून ही तुलना फार शिकवून जाते. पंडित भानुशंकर झालेले शंकर महादेवन स्वतः गातात. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडेंचा. सदाशिव सुबोध भावे, गळा महेश काळेंचा.

तिघांच्या बाबतीत बोलण्यातून गाण्यात शिरतानाचे पहिले पाच-सहा सेकंद पाहा. आवाजाचा पोत एकदम बदलतो का? मग तानेच्या शेवटी श्वास कुठे घेतलाय ते ऐका, आणि त्याच क्षणी नटाची छाती, मान, गळ्याच्या शिरा पाहा. गायकाचा श्वास आणि नटाचा श्वास एका जागी पडला तर डोळा फसतो. हात पाहा: खरा गवई समेच्या आधी हाताने काहीतरी सांगतो, सम झाल्यावर नाही. तंबोऱ्यावरची बोटं पाहा. साथीदारांचे चेहरेही पाहा, कारण तबलजीची मान चुकीच्या मात्रेवर हलली तर नटाची मेहनत वाया जाते.

शंकर महादेवन सराईत नट नाहीत, पण गळा आणि चेहरा एकच असल्याने पंडितजींवर आपला लगेच विश्वास बसतो. सचिनचं काम अवघड होतं आणि ते त्यांनी निष्ठेने केलंय. खाँसाहेबांची जळजळ डोळ्यांत दिसते आणि ताना घेताना देह खोटा वाटत नाही. बोलण्यातून गाण्यात जाताना मात्र कधी कधी माणूस बदलल्यासारखं होतं. हा दोष कुणाच्या कसबाचा नाही, उसन्या गळ्याच्या रीतीचा आहे. हॉलिवूडनेही तेच केलंय. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठी बहुतेक गाणी मार्नी निक्सन गायल्या, आणि २०१२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये नेमका हाच सांधा बुजवायला नटांना कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला लावलं. तिथे सांधा बुजला, पण काही गळे उघडे पडले. आपल्या रागसंगीताला तो मार्ग परवडणारा नाही. इथे गळा कच्चा असला तर पात्रच उभं राहत नाही.

महेश काळेंना 'अरुणी किरणी'साठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिषेकीबुवांच्या शिष्याला, बुवांनीच सजवलेल्या नाटकावरच्या चित्रपटातल्या एका नव्या गाण्यासाठी हा मान मिळाला याचा आनंद मोठा आहे. पारख करताना मात्र पुरस्कार बाजूला ठेवा आणि ते गाणं सदाशिवला कथेत कुठे नेतं हे वहीत लिहा.

कॅमेरा ऐकू देतो का?

नाट्यगृहात आपली नजर आपल्या ताब्यात असते. गाणाऱ्याकडे पाहायचं की ऐकणाऱ्याकडे, की डोळे मिटायचे, ते आपण ठरवतो. चित्रपटात ते संकलक ठरवतो. म्हणून घड्याळ घेऊन बसा. आलाप सुरू झाल्यापासून पहिला कट किती सेकंदांनी येतो? तो समेवर येतो की तानेच्या मधेच? गाणाऱ्यावरून ऐकणाऱ्याकडे कॅमेरा वळतो तेव्हा ऐकणारा आपल्याला काही नवं सांगतो, की नुसती "वाहवा" करतो?

शेवटचा प्रश्न फार कामाचा. खाँसाहेब गाताना पंडितजींच्या मुलीचा, उमाचा, चेहरा दिसला तर गोष्ट पुढे सरकते, कारण बापाच्या जागी बसलेल्या माणसाचं गाणं ती ऐकतेय. नुसते दरबारी माना डोलावताना दिसले तर तो प्रेक्षकाला टाळीची खूण देण्याचा प्रकार. 'सुरत पिया की'सारख्या, राहुल देशपांडे आणि महेश काळे दोघांच्या गळ्यांतल्या पदात हे नीट तपासता येतं. तिथे गाण्यात सवाल-जवाब आहे, म्हणून कॅमेऱ्याने इकडून तिकडे जाणं सयुक्तिक ठरतं. संथ पदात तीच लगबग मारक होते.

नवी गाणी: उपरी की घरची?

चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. नव्या गाण्यालाही वहीतला तोच तिसरा रकाना लावा. 'सूर निरागस हो' घ्या. गजाननाला घातलेली ही साद चित्रपटाला नांदी देते आणि पंडितजींच्या घराण्याचं बीजही सांगते. संगीत नाटकाची रीत जाणणारा माणूसच ही जागा हेरू शकतो. हे गाणं मला पूर्णपणे घरचं वाटतं. 'मनमंदिरा'त मोठ्या आवाजाबरोबर लहान मुलाचा आवाज येतो आणि गुरू-शिष्याचं नातं संवादाशिवाय उभं राहतं. 'दिल की तपिश'ने खाँसाहेबांची दरबारी ऐट आणि त्यांच्या नावातला सूर्य दोन्ही साधलं. 'यार इलाही' ही कव्वाली ऐकायला भव्य आहे, पण तिच्या आधीची आणि नंतरची गोष्ट जोडून पाहिली तर ती निघाल्याने फारसं अडत नाही. माझ्या वहीत तो रकाना रिकामा राहिला.

गोष्ट कुठे रुंदावली

नाटकाचा जीव हवेलीत आहे. चित्रपट बाहेर पडला: मिरज, विश्रामपूर, दसऱ्याचा दरबार. पंडितजींनी खाँसाहेबांना ऐकणं, त्यांना विश्रामपूरला बोलावणं, मग खाँसाहेबांची वर्षानुवर्षांची हार, हे सगळं आपण डोळ्यांनी पाहतो. मैत्रीतून वैर कसं झालं ते कळतं, खाँसाहेब माणूस म्हणून जवळ येतात. हा मोठा लाभ.

त्याची किंमतही आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. शेंदराच्या कारस्थानाने पंडितजींचा आवाज जातो हे पडद्यावर ठसठशीत आलं की प्रेक्षकाच्या मनात न्याय-अन्यायाचं खातं उघडतं. कुणी कुणाला फसवलं, सूड कधी मिळणार. मग 'कोणती गायकी खरी' हा प्रश्न मागे पडतो. गोष्ट सगळ्यांना समजावी म्हणून हे केलं असणार, आणि सगळ्यांना समजलीही. पण दोन गायकींच्या वादाला खलनायक लागत नाही. दोघेही खरे असतात म्हणून तो वाद काळजाला भिडतो.

वहीत यासाठी एक पान ठेवा: नाटकात फक्त सांगितलेलं आणि चित्रपटात दाखवलेलं काय काय आहे. प्रत्येकापुढे लिहा, दाखवल्याने पात्र मोठं झालं की लहान.

बाकीच्या गोष्टी पटकन पाहता येतात. उर्दू आणि मराठी उच्चार पात्राला शोभतात का. दागिने, पागोटी, दरबार यांचा डोलारा गाण्यावर चढतो का. चांगल्या हेडफोनवर ऐकताना तबल्याचा ठेका स्पष्ट लागतो का, की व्हायोलिनांच्या लाटेखाली सम बुडते.

मत मांडताना

आधी चित्रपट एकट्याने उभा राहतो का ते सांगा, नाटक ठाऊक नसलेल्या माणसासाठी. मग नाटकाचं कोणतं काम त्याने केलं आणि कोणतं सोडलं ते पदांची नावं घेऊन सांगा. गायकाचं, नटाचं आणि संगीतकाराचं श्रेय वेगवेगळं द्या. 'सचिनने काय तान घेतली' असं लिहू नका. आणि वसंतरावांचं नाव घ्यायचंच असेल तर कोणत्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करताय ते नमूद करा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मूळ प्रयोग पाहिला असेल तर "तेव्हा कसं होतं?" असं मोघम विचारण्याऐवजी "या पदाला वन्स मोअर मिळाला तेव्हा ते दुसऱ्यांदा काय वेगळं गायले?" असं विचारा. उत्तरात कितीतरी नेमकं हाती लागतं.

ही वही पुन्हा वापरून पाहायची असेल तर 'संगीत मानापमान' घ्या. खाडिलकरांचं नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी म्हणून बालगंधर्व. चित्रपट जानेवारी २०२५ चा, पुन्हा सुबोध भावे आणि शंकर-एहसान-लॉय. इथे पात्रं गवई नाहीत, त्यामुळे 'पात्राला ठाऊक आहे का, की आपण गातोय?' हा प्रश्न एकदम अवघड होतो. भामिनीचं काम तेव्हा पुरुषाने केलं, आता वैदेही परशुरामी या अभिनेत्रीने केलं, म्हणजे गळा आणि चेहरा यांचं गणितही निराळं. धैर्यधर-भामिनीच्या मूळ पदांपुढचा तिसरा रकाना आधी भरा. चित्रपट मग लावा.